बिनमालकीचा हात

दिवा बंदच राहू द्या. मोबाइलही पालथे घाला. खालून उजेड पडला की तुमचे चेहरे पाण्याखालच्या माणसांसारखे दिसतात, आणि आज मला तसे चेहरे समोर नकोत.

आज दुपारी तू मला तुझ्या मैत्रिणीच्या वाढदिवसाची चित्रफीत दाखवलीस. तिच्यात एका जुन्या छायाचित्रातली माणसे हळूच पुढे सरकत होती, मागची भिंत मागे राहत होती, आणि तू म्हणालीस, ‘काका, बघा, फोटो श्वास घेतोय.’ मी उठून आत गेलो. काकांना कंटाळा आला, असे तुम्हांला वाटले असेल. कंटाळा नव्हता. ज्या माणसामुळे मी उठलो, त्याची गोष्ट आता सांगतो. तो माझा मित्र आहे आणि अजून जिवंत आहे, म्हणून त्याचे खरे नाव घेणार नाही. आम्ही सारे त्याला कातर म्हणत असू, तेच नाव तुम्हीही घ्या.

आमचे एडिटिंगचे दुकान टायरच्या दुकानाच्या माडीवर होते. पुढच्या खोलीत मालक स्वतः चित्रफिती जोडीत, मागच्या खोलीत मी आवाजाचे काम करी, आणि दोन्ही खोल्यांच्या मधल्या बोळकांडीत, भिंतीला नाक लावून, कातर बसे. त्याचे काम छायाचित्रांचे. मालक नेहमी म्हणत, “स्थिर फोटो पडद्यावर नुसता ठेवला की प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करतो. फोटो हलला पाहिजे.” तो हलावा म्हणून कातर छायाचित्रातले एकेक माणूस पडद्यावरच कापून वेगळे काढी. प्रत्येकाचा निराळा थर. मुले पुठ्ठ्याची माणसे कापून एकामागे एक उभी करतात, तसे. मग मालक पुढचा थर जरा जास्त सरकवीत, मागचा जरा कमी, आणि छायाचित्राला खोली येई.

हे वाटते तितके सोपे नाही. माणूस कापून उचलला की त्याच्या जागी भोक पडते. त्याच्यामागे जी भिंत असेल, जो दरवाजा असेल, तो कॅमेऱ्याने कधी पाहिलेलाच नसतो. तो आजूबाजूचे रंग घेऊन, विटेला वीट जोडून, नव्याने रंगवावा लागतो. कातर ते असे करी की कोणालाही जोड सापडू नये. केसांच्या बटाही तो एकेक सोडवून घेई. मालक म्हणत, “याच्या हाती नवरा-बायकोचा फोटो देऊ नका. कोर्टाच्या आधी हा वेगळं करील.”

तर ती मार्च महिन्यातल्या शेवटच्या शनिवारची रात्र. कातर त्या दुपारी त्याच्या ताईकडे गेला होता. ताईचे सासर बसने दोन तासांवर. तिचे सासरे कारखान्यातून निवृत्त होणार होते, रविवारी सकाळी कारखान्याच्या सभागृहात निरोपाचा समारंभ होता, आणि त्यात दाखवायची चित्रफीत आमच्याकडे होती. तिच्या शेवटी घालायला कुटुंबाचे एक छायाचित्र हवे होते, तेवढे आणायला तो गेला होता. दिवेलागणीला परतला. खिशात पेन ड्राइव्ह, हातात ताईने दिलेला डबा.

छायाचित्र साधेच होते. घराच्या पायऱ्यांवर पाच माणसे. सासरे आणि सासूबाई खुर्च्यांवर बसलेले, त्यांच्यामागे ताई आणि दाजी उभे, आणि सर्वांच्या पुढे खालच्या पायरीवर ताईची मुलगी. ती तेव्हा सहा वर्षांची होती. घरात तिला ठकी म्हणत, आणि कातरचा जीव तिच्यात अडकलेला होता. ती त्याला ‘मामा’ न म्हणता ‘ए मामा’ म्हणे, आणि तो त्या ‘ए’वर जगे. छायाचित्रात तिने पिवळ्या बारीक फुलांचा फ्रॉक घातला होता आणि दोन्ही हातांनी एक चेंडू पोटाशी धरला होता. कॅमेरा स्टुलावर ठेवून, कळ दाबून, दाजी धावत जाऊन उभे राहिले होते. म्हणजे छायाचित्र काढणारा सहावा माणूस तिथे नव्हता. हे ध्यानात ठेवा.

मी माझ्या खोलीत होतो. कातरने हाक मारली.

“जरा ये रे. हात मोज.”

“कुणाचे?”

“सगळ्यांचे.”

मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो. सासऱ्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर. सासूबाईंचे मांडीत. ताईचा एक हात सासूबाईंच्या खुर्चीवर, दुसऱ्यात पदर. दाजींचा एक खिशात, दुसरा वडिलांच्या खुर्चीवर. ठकीचे दोन्ही चेंडूवर.

आणि ठकीच्या उजव्या खांद्यावर आणखी एक.

मनगटापर्यंतच दिसत होता. त्यामागे सासऱ्यांच्या खुर्चीखालचा अंधार होता. वयस्क हात होता. बाईचा की पुरुषाचा, ते कळत नव्हते. अंगठी नाही, बांगडी नाही, नखे स्वच्छ कापलेली. छायाचित्रासाठी कोणी कौतुकाने खांद्यावर हात ठेवतो, तसा तो ठेवलेला नव्हता. फ्रॉकचे कापड बोटांखाली गोळा झाले होते. त्या हाताने तिला पकडले होते.

कातरने ताईला फोन लावला. त्याचे दोन्ही हात कामात असत, म्हणून तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवी, त्यामुळे सगळे मलाही ऐकू आले.

“ताई, फोटो काढताना ठकीच्या मागे कोण होतं गं?”

“मागे? आजोबांची खुर्ची.”

“तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे.”

“तिच्या? वेणी घालतानासुद्धा मला हात लावू देत नाही ती. तुझे डोळे गेलेत. डबा खाल्लास का?”

“खातो.”

“खातो म्हणजे नाही खाल्लास. आधी जेव, मग भुतं बघ.”

मालक बाहेरच्या खोलीतून आले. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले, आणि खांदे उडवले.

“सावली असेल, नाहीतर काहीतरी. पुसून टाक.”

“पण हात आहे, मालक.”

“असू दे. उद्या हॉलमध्ये माणसं बसणार आहेत, ती काय हात मोजायला येणार आहेत? मुलीचा थर पुढे सरकला की हा तुटका पंजा तिच्या खांद्यावर लोंबत राहील. ते बरं दिसेल का? हाताला माणूस नाही, तर हात ठेवायचा कशाला?”

मालकांचे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. आमच्या कामात जे कोणत्याच थराचे नाही, ते ठेवता येत नाही. मागच्या भिंतीवर ठेवावे तर ठकी पुढे सरकताच तिच्यामागे उघडे पडणार, ठकीबरोबर ठेवावे तर हवेत तरंगणार. अशा वेळी कोणताही चांगला कारागीर जे करील, तेच कातरने केले. बोटांखालच्या घड्या त्याने सरळ केल्या. फ्रॉकवरची पिवळी फुले एकेक उचलून त्या जागी बसवली. शिवणीची रेघ पुरी केली. मग दूर सरून पाहिले. खांदा असा स्वच्छ झाला होता की तिथे कधी काही होते, यावर माझाही विश्वास बसेना.

“जमलं ना?” त्याने विचारले.

“जमलं,” मी म्हणालो. खरोखरच जमले होते.

त्याने पाचही थर नावे घालून मालकांकडे पाठवले, आणि डबा उघडला.

डबा अर्धाही झाला नसेल, तेवढ्यात मालकांनी पुढच्या खोलीतूनच विचारले, “अरे, ठकीला तू हलवलंस का?”

“मी कशाला हलवीन? हलवायचं काम तुमचं.”

“मी तिला अजून काहीच हालचाल दिलेली नाही. आधी बाकीचे चौघे लावले, ती अजून स्थिरच हवी. पण ही बघ... पुढे येतेय.”

आम्ही दोघे त्यांच्या पडद्यासमोर जाऊन उभे राहिलो. मालकांनी चित्र पहिल्यापासून चालवले. मागची भिंत हळूहळू मागे गेली. ताई आणि दाजी थोडे सरकले. सासरे आणि सासूबाई थोडे अधिक. आणि ठकी... ठकी पुढे कलली. चालताना माणूस कलतो तशी. चेहऱ्यावर तेच हसू, पोटाशी तोच चेंडू, डोळ्यांची पापणीही हललेली नाही. छापील पुतळीच ती. पण तोल पुढे गेलेला.

मालकांनी तिच्या थराचे सगळे आकडे शून्यावर आणले. थराला कुलूप लावले. म्हणजे पडद्यावर कुलपाचे एक चिन्ह असते, ते लावले की थर कोणालाच हलवता येत नाही.

पुन्हा चालवले.

या वेळी तिचे पाऊल पायरीवर नव्हते.

खालच्या दुकानाचे शटर केव्हाच पडले होते. खिडकीतल्या कूलरचे पाणी बादलीत पडत होते, तेवढाच आवाज. मी आवाजाचा माणूस. शांततेचेही प्रकार असतात, हे मला ठाऊक आहे. ती शांतता चांगली नव्हती.

मालकांनी तिसऱ्यांदा चालवले. ठकी आता चौकटीच्या खालच्या कडेशी आली होती. कंबरेपर्यंत कडेबाहेर गेलेली. मोठी दिसत होती. जवळ आल्यासारखी.

“बंद करा,” कातर म्हणाला.

मालकांनी चित्र थांबवले. तेवढ्यात फोन वाजला.

ताईचा होता.

“अरे... ठकी झोपेतून उठलीय.”

“मग?”

“चालतेय. डोळे उघडे आहेत पण बघत नाहीये. जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली होती. ह्यांनी उचलून आणलं तर परत निघाली. दार लावलं... तर दाराला कपाळ लावून उभी आहे.”

“काही बोलतेय का?”

“एकच. ‘सुटले मी.’ ‘सुटले मी.’ सारखं तेच.”

मी कातरकडे पाहिले. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “तिला कुणी धरलं होतं का? पूर्वी कधी?”

मग ताई बोलली, आणि तिचा आवाज मघासारखा राहिला नव्हता.

“दोन वर्षांची होती. मागच्या टाकीचं झाकण कुणीतरी उघडं टाकलं होतं. मी पाहिलं तेव्हा ती काठावर होती. पुढे झुकलेली... इतकी झुकलेली की पडायलाच हवी होती. पण पडली नव्हती. तशीच वाकून उभी. मी जाऊन उचलली तर म्हणाली, मला धरलंय. मागून धरलंय. नंतरही कधी कधी म्हणायची. आम्ही हसायचो रे... लहान मुलं काहीही बोलतात.”

मागे दाजींचा आवाज आला, “अगं, इकडे ये. हिला मला धरवत नाहीये.”

“दोन माणसांना धरवत नाही? सहा वर्षांची मुलगी?” कातर म्हणाला.

“निसटतेय,” ताई म्हणाली. “हातातून पाण्यासारखी निसटतेय. गॅलरीकडे जातेय आता. तू काय केलंस? अरे, काय केलंस तू?”

ताईला कोणी काही सांगितले नव्हते. तरी तिने तेच विचारले.

काय म्हणालीस? मूळ फाईल? होय बाळ, तुझे बरोबर आहे. कोणताही शहाणा कारागीर मुळावर काम करीत नाही, नकलेवर करतो. कातरनेही तसेच केले होते. मूळ फाईल पेन ड्राइव्हवर होती, तिला त्याने बोटही लावले नव्हते. त्याने ती उघडली.

खांदा मोकळा होता.

फुले जागच्या जागी. शिवण सरळ. त्याने रंगवलेली नव्हे, तर कॅमेऱ्याने टिपलेली. हात तिथे कधी नव्हताच.

“ताई, तुमच्या बैठकीत हाच फोटो मोठा करून लावलाय ना? तो बघ. ठकीचा खांदा बघ.”

पावले. खुर्ची ओढल्याचा आवाज. मग श्वास.

“काय बघू?”

“खांद्यावर काही आहे का?”

“काही नाही रे... काय असायला हवं होतं?”

कातर खाली बसला. दोन तासांचा रस्ता. मधे रात्र. गाडी पळवून काही होणार नव्हते. पोलिसांना काय सांगायचे, डॉक्टरांना काय सांगायचे? आम्ही तिघे पुरुष एका फोनभोवती उभे होतो, आणि फोनमधून दाजींचा रडवेला आवाज येत होता. “गॅलरीचं दार मी लावलंय, पण कडी... कडी आपोआप...” पुढे ऐकू आले नाही.

मालक म्हणाले, “देव आठव.”

कातर म्हणाला, “हात काढा.”

“काय?”

“माझा हात. फोटो काढा माझ्या हाताचा. लवकर.”

मी म्हणालो, “माझा घे. तुला काम करायचंय.”

“मामा मी आहे,” तो म्हणाला.

त्याने रिकामी खुर्ची पुढे ओढली. तिची पाठ सहा वर्षांच्या मुलाच्या खांद्याएवढी असेल. तिच्यावर त्याने उजवा हात ठेवला. नुसता ठेवला नाही, पकडले. मालकांनी दिवा धरला. मी फोनने छायाचित्र घेतले. त्याने हात तिथून उचलला नाही. डाव्या हातानेच माऊस धरला आणि डाव्या हातानेच स्वतःचा उजवा हात कापायला घेतला. जन्मात कधी त्याने डाव्या हाताने रेघ ओढली नव्हती. कडा वेड्यावाकड्या झाल्या. मनगटाशी पांढरी किनार राहिली. एरवी अशी किनार दुसऱ्याच्या कामात दिसली तर तो जेवत नसे.

हात ठकीच्या खांद्यावर बसवला. रंग मिळवला.

“पडतेय ती,” फोनमधून ताई ओरडली. “कठड्यावर... अहो, धरा...”

कातर थांबला. पडद्याकडे पाहत राहिला.

“घड्या,” तो पुटपुटला. “घड्या राहिल्या.”

कापड. बोटांखाली कापड गोळा झालेले हवे. त्याशिवाय हात नुसता वर ठेवलेला. धरलेला नव्हे.

एक घडी काढली.

दुसरी.

तिसरी.

फोन गप्प झाला.

...

...

“बसली,” ताई म्हणाली. “खाली बसली. अरे... झोपली. बसल्या बसल्या झोपली.”

मालकांनी दिवा खाली ठेवला. मी भिंतीला टेकलो. कातर फोनवर काहीतरी बोलला, मग आमच्याकडे वळून अगदी साध्या सुरात म्हणाला, “हात उचलत नाहीये.”

त्याचा उजवा हात अजून खुर्चीच्या पाठीवर होता. मला वाटले, आखडला असेल. मी त्याची बोटे सोडवू लागलो. सुटेनात. मग मालकांनी खुर्चीच मागे ओढली.

खुर्ची निघाली. हात तिथेच राहिला.

हवेत. काहीतरी धरलेला.

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी कुटुंबाचे छायाचित्र श्वास घेत पुढे आले, आणि मुलीच्या खांद्यावरचा तो तुटका पंजा एकाही माणसाच्या लक्षात आला नाही. मालकांचे तेवढे खरे ठरले. हात मोजायला कोणी आलेले नव्हते.

कातरने धंदा सोडला. सोडला काय, सुटला. तो जाई तिथे उजवा हात बरोबर येई, पण तसाच हवेत धरलेला; असा माणूस काय कापणार? डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, सुया टोचल्या, विजेचे चटके दिले. हाताला काही झालेले नाही, असे त्यांनी लिहून दिले. मालकांनी त्याला दुकानात बसवून घेतले, गिऱ्हाइकाशी बोलायला. तो डाव्या हाताने जेवी. सदऱ्याची उजवी बाही उसवून आईने तिला बंद लावून दिले होते.

त्या हाताचे मला हळूहळू कळत गेले. रात्री ठकी अंथरुणावर आडवी झाली की तो खाली येई, आणि कातरला आडवे होता येई. ती उठली की त्यालाही उठावेच लागे. रविवारी ती उशिरा उठे, म्हणून रविवार त्याला आवडे. एकदा आम्ही चहा पीत होतो, आणि हात एकाएकी हिसके देऊ लागला. मी घाबरलो. तो हसत म्हणाला, “शाळेत खेळाच्या स्पर्धा आहेत आज. पळतेय कार्टी.” आणि मग कितीतरी वेळ त्या हाताकडे असा पाहत बसला की मला तिथून उठावेसे वाटले.

आणखी एक. हात वर जात होता.

पहिल्या वर्षी तो खुर्चीच्या पाठीएवढाच होता. मग थोडा वर. मुले वाढतात. ती वाढत होती. आता ती बारा वर्षांची आहे, आणि कातर खुर्चीवर बसला की हात त्याच्या कानाच्याही वर असे. तो ताईला गमतीने म्हणे, “हिला दूध देऊ नकोस गं. हिच्या बापाची उंची घेतली तर मी आयुष्यभर स्टुलावर.” ताई हसायची, आणि फोन ठेवल्यावर रडायची. दाजींनी मला सांगितले. काही करता येत नव्हते. हात सोडवावा तर पोर जाणार. सोडवू नये तर हा असा. घरात कोणी त्यावर बोलतच नसे. बोलून काय होणार होते?

ठकीला मात्र ठाऊक होते. ती फोनवर विचारायची, “ए मामा, दुखतं का?”

“नाही गं. तू दंगा केलास की दुखतं.”

“मग मी करते,” म्हणायची. आणि करायची.

इथपर्यंत ही गोष्ट मी तुम्हांला केव्हाही सांगितली असती. भीतीची असली तरी मायेची आहे. आज दुपारी उठून गेलो, त्याचे कारण गेल्या शुक्रवारचे आहे.

संध्याकाळ सरली होती. मी त्याच्याकडे गेलो होतो. तो खिडकीशी बसला होता, हात नेहमीसारखा वर. मालकांच्या नव्या कॉम्प्युटरबद्दल काहीतरी सांगत होता. सांगता सांगता थांबला.

हाताची करंगळी उचलली गेली.

त्याने उचलली नव्हती. मी पाहत होतो. कोणीतरी सोडवावी तशी ती मागे वळली. मग अनामिका. मग मधले बोट. एकेक. घाई नव्हती. मग सगळा हात हवेतून बाजूला झाला, खाली आला... आणि त्याच्याच मांडीवर ठेवला गेला. नीट. उताणा.

सहा वर्षांनी.

त्याने बोटे हलवून पाहिली. हलली. माझ्याकडे पाहिले. फोन त्याने उजव्या हातातच घेतला, आणि नंबर चुकवला, पुन्हा लावला.

ठकीनेच उचलला.

“ए मामा.”

“कशी आहेस गं?”

“अभ्यास करतेय.” मग जरा थांबून, “तू सोडलंस का?”

“नाही गं राजा. मी नाही सोडलं.”

पलीकडे पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.

“ठकी?”

“मग आता कोणी धरलंय?”

कातरने डोळे मिटले. मला त्याची छाती हललेली दिसली. “मागून धरलंय ना?” तो म्हणाला. “पूर्वीसारखं? मागून?”

“नाही,” ठकी म्हणाली. “पुढून.”

त्याच रात्री आम्ही गाडी करून निघालो. पोहोचलो तेव्हा ठकी टेबलाशी बसून भूगोलाचा नकाशा रंगवीत होती. अंगावर ओरखडा नाही. जेवली. मामाच्या मोकळ्या हाताला टाळी दिली. झोपायला जाताना मात्र दोन पावले उलटी चालली, जसे पुढे ओढणाऱ्याला कोणी विरोध करावा तसे. मग हसली आणि गेली.

कातर आता तिथेच असतो. शाळेत सोडायला जातो, तिच्यामागे चालतो, आणि चालताना उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवतो. आता तो आपणहून ठेवावा लागतो. ठेवला की त्याच्याखाली नुसता फ्रॉक लागतो, असे तो म्हणतो. धरण्यासारखे काही लागत नाही. छायाचित्रही उघडून पाहिले. ठकीचा खांदा पुन्हा मोकळा आहे, स्वच्छ. पांढरी किनारसुद्धा नाही. त्याने नवा हात बसवायचा प्रयत्न केला. दहादा केला. बसवतो, जपून ठेवतो, उघडतो... नसतो.

मी काल त्याला भेटून आलो. तो फाटकापर्यंत सोडायला आला, आणि निरोप घेताना त्याची बाही वर सरकली. ज्या मनगटाला धरून त्या शुक्रवारी हात बाजूला केला गेला, तिथे वळ आहेत. आठवडा झाला, फिके पडलेले नाहीत.

मी त्यांच्यावर माझी बोटे ठेवून पाहिली. चार बोटे आणि अंगठा.

अंगठ्याचा वळ माझ्या करंगळीच्या पेराएवढासुद्धा नव्हता.

दोन वर्षांच्या मुलाचा असावा, एवढा. टाकीच्या काठावर ठकी होती, तेवढ्याच.